‘जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच!’

जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं. "सर, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." चुकीचा पार्ट आला, तर हे वाक्य. डब्यावर एका कंपनीचं नाव आणि आतल्या मालावर कुणाचंच नाही, तर हे वाक्य. पैसे आगाऊ घेऊन तीन आठवडे फोन उचलला नाही, तरी शेवटी हेच वाक्य. वर पुन्हा सूर असा की चूक आपलीच. जुनी गाडी ठेवायला सांगितली होती कुणी?

बरीच वर्षं मी हे ऐकून घेतलं. यापुढे घेणार नाही. का, ते सांगतो.

माझ्याकडे १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. अब्बांनी ती १९९६ साली वापरलेलीच घेतली होती. ती मिरवायला नाही. रविवारी बाहेर निघते, ईदच्या सकाळी घरच्यांना घेऊन निघते, आणि पावसाळ्यात महिनाभर रुसून बसते. गेल्या हिवाळ्यात तिच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळायला लागला. सोलापुरात चार दुकानं फिरलो, मिळाला नाही. मग मुंबईतल्या एका विक्रेत्याचा नंबर शोधून काढला. फोनवर माणूस साखरेसारखा गोड. "ओरिजिनल आहे सर, जुना स्टॉक, सीलबंद डबा." दोन हजार चारशे रुपये आगाऊ मागितले, मी मोबाइलवरून लगेच पाठवले.

आधी आला तो दुसऱ्याच गाडीचा सिलिंडर. तो माझ्या खर्चाने परत पाठवला. मग तीन आठवडे शांतता. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. शेवटी दुसरा आला. डबा नवा, सिलिंडर चकचकीत. विजापूर वेशीजवळच्या आमच्या मिस्त्रींनी तो बसवला. अकराव्या दिवशी होटगी रोडवरून येताना सात रस्त्याला पाय ब्रेकवर ठेवला आणि पॅडल सरळ जमिनीला टेकलं. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. पुढच्या रिक्षाच्या मागे वीतभर अंतरावर गाडी थांबली. मागच्या सीटवर माझी मुलगी होती.

मिस्त्रींनी सिलिंडर उघडला. आतलं रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं. ब्रेक ऑइलमध्ये टिकणारं रबर वेगळ्या प्रकारचं असतं. भलतंच रबर घातलं की ते तेल पिऊन फुगतं, मऊ पडतं, आणि दाब धरेनासं होतं. सिलिंडरचा बाहेरचा रंग नखाने खरवडला, तर खाली गंजाचे खड्डे. म्हणजे कुठल्या तरी मोडलेल्या गाडीचा सिलिंडर, त्यात हलक्या रबराचं किट, वरून रंगाचा हात आणि नवा डबा. मी फोटो पाठवले. चार दिवसांनी फोन आला. आधी "मिस्त्रीने नीट बसवलं नसेल." मग "बिल तुम्ही मागितलंच नव्हतं." आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य.

या वाक्याच्या मुळाशी जो युक्तिवाद आहे, तो नीट तपासून पाहू. विक्रेता म्हणतो, कारखाना बंद, माल दुर्मीळ, म्हणून तक्रार करू नका. यातला पहिला भाग खरा आहे. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवली. १९४४ साली ही कंपनी उभी करणारे वालचंद हिराचंद दोशी आपल्या सोलापूरचे, इथेच १८८२ साली जन्मलेले. त्यांच्या नावाची कॉलेजं आपल्या गावात आहेत; आपली निम्मी इंजिनिअर मंडळी तिथूनच निघाली. इटलीच्या फियाट ११०० वरून ही गाडी आली. पुढे तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं, मग पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टीअरिंगखाली गिअरचा दांडा. २००१ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. त्यामुळे नवा माल कारखान्यातून येत नाही, हे मला विक्रेत्याने समजावून सांगायची गरज नाही.

पण दुर्मीळ मालाची किंमत वाढते, माल खोटा विकायचा हक्क वाढत नाही. त्याने मला पाच हजार सांगितले असते, तर मी कुरकुरत दिले असते. "नवा नाही, जुनाच आहे, रबर बदललंय, ब्रेकसाठी भरवसा देत नाही," असं म्हणाला असता, तर त्याचे आभार मानून दुसरीकडे शोधलं असतं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. त्याने तिसरंच केलं.

उलट मी म्हणतो, माल जितका दुर्मीळ, तितकी विकणाऱ्याची जबाबदारी जास्त. नव्या गाडीचा पार्ट घेताना गिऱ्हाइकाच्या मागे कंपनी उभी असते, पार्ट नंबर असतो, गॅरंटीचं कार्ड असतं, शोरूमचं दार असतं. पद्मिनीच्या मागे कुणी नाही. तिथे विक्रेत्याचा शब्द हाच पार्ट नंबर आणि तोच गॅरंटी कार्ड. तो लोखंड विकतच नाही. लोखंड भंगारातही मिळतं. 'हे लोखंड कोणतं, कुठून आलं आणि कशाला चालेल' हे तो विकतो. तेच खोटं असेल, तर त्याने काहीच विकलेलं नाही, फक्त पैसे घेतले आहेत.

हे पूर्वी असं नव्हतं, असं जुने मिस्त्री सांगतात, आणि त्याचं कारणही मला पटतं. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी हजारोंनी धावत होती, तेव्हा पार्टवाल्याचं गिऱ्हाईक रोजचं होतं. सकाळी खोटा पार्ट दिला, तर संध्याकाळी टॅक्सीवाला दुकानाच्या दारात उभा, आणि त्याच्या मागे स्टँडवरचे दहा जण. त्या भीतीने बाजार सरळ राहिला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा लागली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. आता उरलेलं गिऱ्हाईक म्हणजे सोलापूर, सांगली, बेळगाव, बिदर अशा दूरच्या गावांतला एकेक माणूस. तो दारात येऊन उभा राहू शकत नाही. दोन हजारांसाठी चारशे किलोमीटर कोण जाणार, हा हिशेब विक्रेत्याने बरोबर केलेला असतो. लबाडी दुर्मीळतेतून आलेली नाही, या अंतरातून आलेली आहे.

बाहेर काय होतं, तेही पाहा. इंग्लंडमधल्या एमजीबी या गाडीचं उत्पादन १९८० साली बंद झालं. १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे वापरून तिचे अख्खे सांगाडे पुन्हा बनवायला सुरुवात केली. बंद पडलेल्या गाडीचा मालक म्हणजे गळाला लागलेला मासा, असं तिथे कुणी समजलं नाही. त्याला गिऱ्हाईक समजलं, आणि धंदा उभा राहिला.

आता थोडं आपल्या घरातलं बोलतो. या धंद्यात सगळे आहेत. कुणाच्या पाटीवर ७८६ असतं, कुणाच्या गल्ल्यावर 'शुभ लाभ'. मी माझ्या लोकांना विचारतो, कारण तो हक्क मला आहे. कुरआनात 'अल-मुतफ्फिफीन' नावाची एक सूरा आहे. तिचं नावच मापात मारणाऱ्यांवरून पडलेलं आहे. जुम्म्याच्या खुतब्यात आपण सगळ्यांनी ऐकलेली एक हदीस आहे: पैगंबर साहेबांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आतलं धान्य ओलं निघालं. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलंय. त्यांनी विचारलं, मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. यातली बारकी गोष्ट आपण विसरतो. धान्य भिजणं हा गुन्हा नव्हता, ते खाली लपवणं हा होता. जुना सिलिंडर विकणं हा गुन्हा नाही. त्यावर रंग मारणं आहे. फिकहमध्ये तर 'खियार-ए-ऐब' म्हणून स्वतंत्र बाब आहे: मालात ऐब निघाला, तर घेणाऱ्याला तो परत करण्याचा अधिकार. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी ७८६ च्या खाली लावणाऱ्याने दोन्हींपैकी एक पाटी उतरवावी.

शरियत बाजूला ठेवली, तरी देशाचा कायदा तेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून मोजली आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे. बिलावर मुदत नसेल, तर मुदत तीस दिवसांची. तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे आता तक्रार करता येते, म्हणजे मुंबईच्या विक्रेत्याविरुद्ध सोलापुरात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फोनवरून तक्रारीला १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. चारशे किलोमीटरचा जो हिशेब विक्रेत्याने केला होता, तो कायद्याने केव्हाच मोडला आहे. मोडलाय हे आपल्यालाच माहीत नसतं.

इथे मला स्वतःचे कान धरले पाहिजेत. "बिल तुम्ही मागितलं नव्हतं," हे त्याचं म्हणणं खरं होतं. बिलाशिवाय दोनशे रुपये कमी पडतील, असं तो म्हणाला आणि मी "ठीक आहे" म्हणालो. वर्गात मुलांना मी व्यवहारपत्र शिकवतो: दिनांक, मालाचं वर्णन, रक्कम, सही. आणि स्वतः दोनशे रुपयांसाठी कागद सोडून दिला. आपण सगळे हे करतो. कर वाचवताना विक्रेता आणि आपण भागीदार असतो, आणि माल फसला की आपण एकदम फिर्यादी होतो. ही भागीदारी मोडल्याशिवाय पुढचं काही होणार नाही. माझ्याकडे पैसे पाठवल्याची नोंद आहे, मेसेज आहेत, फोटो आहेत आणि तो सिलिंडर आहे. एवढ्यावर मी तक्रार लिहायला घेतली आहे. बिल असतं, तर ती अर्ध्या पानात संपली असती.

पण पैशांसाठी मी एवढा चिडलेलो नाही. या सगळ्यात खरा मार बसला तो मिस्त्रींना. साठीचा माणूस, चाळीस वर्षं फियाटखाली पाठ टेकून काम केलं. त्यांच्याकडे पोरं शिकून गेली, कुणी आखाती देशात, कुणी पुण्यात. त्या दिवशी सात रस्त्याला गर्दीतला एक जण म्हणाला, "कुठल्या मिस्त्रीने केलंय हे काम?" विक्रेत्याचं नाव कुणी विचारलं नाही. पार्ट खोटा असला तरी नाव मिस्त्रीचंच जातं, कारण समोर तो असतो. मी संध्याकाळी गेलो, तेव्हा ते म्हणाले, "सर, हाथ मेरा था, माल किसका था ये लोगां को कौन बताएगा?" त्यांनी आता बाहेरून आणलेला ब्रेकचा पार्ट बसवणं बंद केलं आहे. म्हणजे एका विक्रेत्याच्या दोन हजार चारशे रुपयांनी आमच्या भागातला एक जाणता हात या कामातून कमी केला. असे हात एकामागून एक कमी झाले, की या गाड्या आपोआप भंगारात जातील. मग पार्टही कुणी घेणार नाही. ज्या फांदीवर बसलो आहोत तीच हे लोक तोडत आहेत, आणि वर गिऱ्हाइकाला सांगतात, चालायचंच.

चालायचंच असं काही नाही, याचा पुरावा मला गावातच मिळाला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक लेथवाले आहेत. सस्पेन्शनची एक बुश त्यांनी जुनी मोजून नवी करून दिली. दीडशे रुपये घेतले, कागदाच्या चिठ्ठीवर माप आणि तारीख लिहून दिली, म्हणाले, "महिनाभरात खडखडली तर घेऊन या." मी तोच सिलिंडर पुढे केला. त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि परत दिला. "सर, हे ब्रेकचं आहे. हे माझं काम नाही. दुसऱ्या कुणाकडूनही असं तासून घेऊ नका."

त्यांच्याकडे दुकानाची चकचकीत पाटी नाही, डबे नाहीत, मोबाइलवर मालाचे फोटो नाहीत. मिळणारं काम त्यांनी नाकारलं. 'जुनी गाडी आहे' हे त्यांनाही दिसत होतं. म्हणूनच त्यांनी जास्त जपून उत्तर दिलं.

पार्ट विकणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. जुन्याला जुना म्हणा, दुरुस्त केलेल्याला दुरुस्त केलेला म्हणा, बिल द्या, फोन उचला, आणि तुमचा माल खोटा निघाला तर मिस्त्रीच्या डोक्यावर मारू नका. आणि गिऱ्हाइकांनो, आधी बिल मागा. मीही मागणार आहे. गाडी सध्या अंगणात उभी आहे. खात्रीचा सिलिंडर मिळेपर्यंत ती तिथेच उभी राहील. मुलगी विचारते, अब्बू, कधी निघणार? अजून तिला तारीख सांगता आलेली नाही.