फळा, पडदा आणि प्राध्यापक

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी इन्सॅट-१बी उपग्रहाच्या साहाय्याने ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आडगावच्या महाविद्यालयांतही उत्तम अध्यापन पोहोचेल अशी आशा होती. २०१७ साली ‘स्वयम्’ आले. २०२० साली, कोरोनाच्या काळात, गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिष्टावो’ उपक्रम हाती घेतला. साधने बदलली, प्रश्न मात्र तोच राहिला. प्राध्यापक नव्या साधनाचा मनापासून स्वीकार करतो तो केव्हा?

याचे उत्तर शेतीने पूर्वीच दिले आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याचे संकरित बियाणे कसे पसरले, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. बियाण्याची वार्ता शेतकऱ्यांना प्रामुख्याने विक्रेत्यांकडून कळली. ते पेरण्याचा निश्चय मात्र शेजाऱ्याच्या अनुभवावरून झाला. तोही आधी लहानशा तुकड्यात पेरून पाहिल्यावर. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली या विचाराला व्यापक सिद्धांताचे रूप दिले.

प्राध्यापकांची गोष्ट याहून निराळी नाही. परिपत्रक साधनाला महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणते. वर्गात नेतो तो सहकाऱ्याचा अनुभव. कोरोनाकाळात सर्वांवर एकाच वेळी सक्ती झाली. गोव्याच्या अंतर्भागातील विद्यार्थ्यांना नेटवर्कसाठी डोंगर चढावे लागले. अशा परिस्थितीत पडद्यासमोर बोलण्याची सवय जडली, पण पडद्याच्या साहाय्याने शिकविण्याची कला सर्वांनाच साधली असे नव्हे. साथ ओसरताच अनेकांनी पुन्हा खडू हाती घेतला, त्याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. जो अध्यापक तासिका तत्त्वावर राबतो आणि पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हेही ज्याला ठाऊक नसते, त्याने नवा प्रयोग कोणत्या बळावर करावा?

म्हणून यंत्रखरेदीआधी अध्यापकाला वेळ आणि स्थैर्य द्यावे, असे आम्हांस वाटते. एखाद-दुसऱ्या प्रकरणापुरता प्रयोग करण्याची आणि तो फसल्यास तसे सांगण्याची मोकळीक त्याला असावी. सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहण्याची प्रथा पडावी आणि पदोन्नतीच्या वेळी संशोधननिबंधांबरोबर या परिश्रमांचीही मोजदाद व्हावी. एवढे न करता नवे पडदे टांगले, तर त्यांच्यावर धूळ बसेल आणि दोष मात्र प्राध्यापकाच्या माथी येईल.