ओढणाऱ्याला ब्रेक आहे, ओढलेल्याचं काय?

मित्रांनो, उन्हाळ्यात होस्टेलवर पाण्याचा टँकर आला की आपण काय बघतो? आपल्या बादलीचा नंबर कधी लागतो ते! पुढच्या वेळी दोन मिनिटं जरा खाली वाकून बघा. पुढे ट्रॅक्टर, मागे चाकांवरची टाकी आणि दोघांच्या मध्ये एक पिन. ट्रॅक्टरकडून टाकीकडे ना हवेची नळी जाते, ना तेलाची, ना साधी वायर. म्हणजे टाकीच्या चाकांना ब्रेकच नाही! निदान आपल्याकडे येणाऱ्या टँकरला तरी मला तो सापडला नाही.

आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. ट्रॅक्टर २ टन, भरलेली टाकी ६ टन (५००० लिटर पाणी म्हणजेच ५ टन), वेग ताशी २५ किमी. टायर आणि रस्त्याचं घर्षण ०.६ धरू. सगळ्या चाकांना ब्रेक असतील तर गाडी साधारण ४ मीटरमध्ये थांबेल. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला असतील तर ८ टनांचं ओझं २ टनांच्या भरवशावर थांबवायचं, म्हणजे अंतर चौपट, १६ मीटर! ताशी ४० चा वेग असेल तर १० ऐवजी ४२ मीटर. टाकीचा थोडा भार ट्रॅक्टरवर येतो, तेवढा फायदा. पण ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांनाच असतात, तिथे तो फायदा संपतो. त्यात पावसाळा, त्यात उतार. शिवाय मागची टाकी तिरकी ढकलायला लागली की दोघं चाकूसारखे मिटतात ते वेगळंच. हे गणित आपण परीक्षेत सोडवतो आणि गेटबाहेर पडल्यावर विसरतो.

हे सगळं आत्ताच का सुचलं? कारण माझ्या मामाने बोट घेतली! मामा अलिबागकडचा. पर्यटकांना फिरवायला १६ फुटी फायबरची बोट घेतली आणि फोन आला, "अरे, तू मेकॅनिकलला आहेस ना? तुमच्या अंबरनाथ-उल्हासनगरात वेल्डिंगची कामं स्वस्तात होतात म्हणे. बोटीला एक ट्रेलर बनवून बघ." मी म्हटलं, "मामा, ब्रेकवाला बघू ना?" तर म्हणे, "ब्रेक कशाला रे? जीपला आहेत की!"

मंडळी, हे उत्तर एकट्या मामाचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे. बोट घेणारा इंजिनाचे हॉर्सपॉवर विचारतो, सीटचा रंग विचारतो, म्युझिक सिस्टिम विचारतो. ट्रेलर म्हणजे त्याला चाकं लावलेली घडवंचीच वाटते. माझं म्हणणं एवढंच आहे, की जे ओझं आपण रस्त्यावर ओढतो त्याला स्वतःचा ब्रेक हवाच. पैसे कमी पडले तर म्युझिक सिस्टिम पुढच्या वर्षी घ्या.

पहिली चूक वजनाची होते. माहितीपत्रकात नुसत्या बोटीचं वजन असतं. मामाचा हिशोब मी कागदावर मांडला. बोट ३५०, इंजिन ११५, ५० लिटर पेट्रोल ३७, बॅटरी-नांगर-दोर-लाइफ जॅकेट ६० आणि खुद्द ट्रेलर २५०. झाले ८०० किलोच्या वर! युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा एकूण ७५० किलो आहे, ऑस्ट्रेलियातही तेवढीच. म्हणजे मामाची 'छोटीशी' बोट तिकडे ब्रेकशिवाय रस्त्यावर आणताच आली नसती.

मग ब्रेक कोणता घ्यायचा? मुख्य प्रकार दोन. पहिला ढकल-ब्रेक, म्हणजे ओव्हररन किंवा सर्ज ब्रेक. जीपने ब्रेक मारला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो. त्या रेट्याने जोडणीचा दांडा आत सरकतो, मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि ट्रेलरची चाकं आपोआप आवळली जातात. न्यूटनसाहेबांचा पहिला नियम फुकटात कामाला लागतो! ओढणाऱ्या गाडीत काही बसवावं लागत नाही, त्यामुळे आज जीप, उद्या शेजाऱ्याची पिकअप, काहीही चालतं. दुसरा प्रकार विजेचा. ड्रममध्ये विद्युतचुंबक आणि ड्रायव्हरजवळ कंट्रोलर. यात ट्रेलरचा ब्रेक हाताने वेगळाही लावता येतो, पण ज्या गाडीत कंट्रोलर नाही तिच्यामागे हा ब्रेक निकामी. शिवाय बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडवायचा असतो. वायरिंग आणि खारं पाणी यांचं जमत नाही हे सांगायला इलेक्ट्रिकलवाल्यांची गरज नाही.

म्हणून मामाला मी सुचवला हायड्रॉलिक ढकल-ब्रेक, आणि तोही डिस्कचा. ड्रममध्ये खारं पाणी अडकून बसतं आणि आतून गंज चढतो. डिस्क उघडी असते, बादलीभर गोड्या पाण्याने धुऊन निघते. खोडी याच्यातही आहे. चढावर रिव्हर्स घेताना ट्रेलरला वाटतं आपल्याला थांबवताहेत, आणि तो चाकं आवळून बसतो. म्हणून रिव्हर्स लाइटच्या वायरवर चालणारा, ब्रेकचं तेल अडवणारा व्हॉल्व्ह लावून घ्यावा. लांब उतारावर तर ट्रेलर सारखा पुढे रेटत राहतो, ब्रेक घासत राहतात आणि तापतात. अंबरनाथहून निघालं की तळोजा, पनवेल, पेण, वडखळ आणि मग कार्लेखिंड. तिथे खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरायचं, घाई करायची नाही.

ब्रेकइतक्याच महत्त्वाच्या चार गोष्टी. एक, साखळ्या. जोडणीखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे पिन तुटली तरी दांडा रस्त्यात रुतणार नाही. दोन, ब्रेकअवे केबल. ट्रेलर सुटलाच तर ही ताणली जाऊन त्याचे ब्रेक लावते. तीन, नाकावरचं वजन. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार जोडणीवर हवा. बोट फार मागे सरकवली तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. तसं झालं तर पुढच्या गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. चार, बेअरिंग. प्रवासात तापलेले हब लगेच थंड पाण्यात घातले की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ग्रीसचं वाटोळं! किनाऱ्यावर पोचल्यावर आधी चहा घ्या, हब गार होऊ द्या, लाइटचा प्लग काढा, मगच ट्रेलर पाण्यात न्या. आणि हो, मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलरचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसावा लागतो. जीपचे कागद आहेत म्हणून ट्रेलरला नकोत, असं चालत नाही.

कोणी म्हणेल, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला समुद्र कुठे आहे? बोटीचं आम्हाला काय? मित्रांनो, २६ जुलै २००५ विसरलात? आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस? हजारावर प्रवासी होते. एनडीआरएफच्या आणि नौदलाच्या पथकांनी रबरी बोटी आणल्या, तेव्हा माणसं बाहेर निघाली. उल्हास नदी आपल्या दारातून जाते. उद्या इथल्या एखाद्या मंडळाने, सोसायटीने वर्गणी काढून फायबरची बोट घ्यायची ठरवली तर मला आनंदच होईल. पण ती बोट नदीपर्यंत जाणार कशावरून? भर पावसात, चिखलातून, खड्ड्यांतून, घाईत, लोकांच्या गर्दीतून! तिथे बिनब्रेकचा ट्रेलर म्हणजे वाचवायला निघालेल्यांनीच वाटेत कोणाला तरी चिरडण्याची तयारी.

उल्हासनगरात काहीही बनतं असं म्हणतात. 'मेड इन यूएसए' हा जुना विनोद सगळ्यांना ठाऊक आहे. पण विनोद बाजूला ठेवला तर इथल्या कारागिरांच्या हातात कसब आहे हे मी ट्रेलरची चौकशी करताना चार दुकानं फिरून बघितलं. एका वेल्डरकाकांनी तर सरळच सांगितलं, "ब्रेक लावून देऊ की, पण मागतंय कोण?" मला हे उत्तर फार लागलं. बनवणारा तयार आहे, घेणाराच मागत नाही.

आपलंही तेच. 'बाहा'च्या गाडीला ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक व्हावी लागतात, नाहीतर ती ट्रॅकवर उतरत नाही. त्यासाठी आपली पोरं रात्र-रात्र जागतात. मग फायनल इयरच्या एखाद्या ग्रुपने ट्रॅक्टरच्या टाकीला बसेल असा साधा, गावातल्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारा ढकल-ब्रेक प्रोजेक्ट म्हणून का करू नये? सर, आपल्यालाही विनंती, असा विषय आला तर 'यात नवीन काय?' म्हणून परत पाठवू नका. नवीन नसेलही, पण आपल्या रस्त्यावर अजून आलेला नाही.

मामाचं म्हणाल तर घासाघीस चालू आहे. सीटचा रंग त्याने सोडलाय, म्युझिक सिस्टिम अजून सोडवत नाही!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी