घुमटाखाली मासे आणि पुदिना

कोकणात चार महिने एवढा पाऊस कोसळतो, तरी श्रावणात कोथिंबिरीची जुडी घाटावरूनच येते आणि तीही भिजून काळी पडलेली. हे घाटावरच्या वाचकांना सांगूनही पटत नाही. परसातली माती वाहून जाते, उरलेल्या मातीत मुळं कुजतात. मग मे महिन्यात विहीर तळाला जाते. आमच्या दापोली तालुक्यात घरची पालेभाजी म्हणजे जेमतेम नोव्हेंबर ते मार्च. दोह्यात चौदा वर्षं काढून परतलेल्या आमच्या धाकट्या भावाने म्हणून घुमटाच्या हरितगृहाचा घाट घातला. आत माशांची टाकी, माशांच्या पाण्यावर भाजी, माती नाहीच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात वाडीतली सुपारी आडवी झाली, ती जागा अजून मोकळी आहे. तयार घुमटाचं साडेतीन लाखांचं कोटेशन त्याच्या मोबाईलवर होतं. पैसे त्याच्या घामाचे, आणि घरात दोन तट.

अब्बांचा सवाल एकच होता, "आपल्याकडे थंडी कुठं आहे, मग काचेचं घर कशाला?" सवाल बरोबर आहे. हा प्रकार थंड मुलखातला. बकमिन्स्टर फुलर यांनी त्रिकोणांच्या घुमटाचं पेटंट अमेरिकेत 1954 मध्ये घेतलं. 1960 मध्ये सेंट लुईसच्या वनस्पती उद्यानात असा मोठा घुमट झाडांसाठी उभा राहिला. पुढे केप कॉडच्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी घुमटाखाली तिलापिया मासे आणि भाजी एकत्र वाढवली. बाहेर बर्फ असताना टाकीतलं पाणी दिवसा ऊन साठवायचं आणि रात्री घुमट उबदार ठेवायचं. ती युक्ती तिथे सोन्यासारखी. आपल्याकडे बंद घुमट एप्रिलमध्ये भट्टी होईल.

तरीही घुमट आम्हाला पटला, तो वाऱ्यासाठी. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, आणि गोल पाठीला वारा धरायला भिंत मिळत नाही. मात्र हलका घुमट वारा उचलूनही नेतो. म्हणून बुडाच्या दहाही सांध्यांखाली काँक्रीटचे खड्डे आणि त्यात पुरलेले बोल्ट हवेतच. त्या कोटेशनमध्ये पायाचा खर्च धरलेलाच नव्हता, हे आम्ही भावाला तिथल्या तिथे दाखवलं.

हिशेब अवघड नाही, नववीच्या मुलालाही जमेल. सर्वांत सोप्या अर्धगोलाला 65 काठ्या लागतात, फक्त दोन मापांच्या. त्रिज्येला 0.5465 ने गुणलं की आखूड काठी, अशा 30, 0.618 ने गुणलं की लांब काठी, अशा 35. आमची त्रिज्या 3 मीटर, म्हणजे आखूड काठी 1.64 मीटर, लांब 1.85 मीटर, आणि एकूण पाइप सुमारे 114 मीटर. सांधे 26, त्रिकोण 40. आतली जागा साधारण 285 चौरस फूट. पाइप भोकांपलीकडे थोडा जास्त धरावा, कारण टोकं ठोकून चपटी करायची, भोक पाडायचं आणि बोल्टने आवळायचं. ही मापं भोकापासून भोकापर्यंतची आहेत, कापायची नव्हेत. आमच्या मुलीने आधी माडाच्या हिरांचा छोटा नमुना केला, सांध्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. नमुना हातात आल्यावर गावातला फॅब्रिकेटर म्हणाला, "एवढंच ना?" आणि त्याचा आकडा कोटेशनच्या निम्म्याहून कमी निघाला.

गळती हे घुमटाचं जुनं दुखणं. चाळीस त्रिकोण म्हणजे जागोजागी जोड. वेगवेगळे पत्रे बसवण्याऐवजी वरच्या भागावर अतिनील किरणांना टिकणारा 200 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद पट्ट्यापट्ट्यांनी, वरचा पट्टा खालच्यावर चढवून बसवायचा, कौलांसारखा. खालच्या रांगेत फक्त किडेरोधक जाळी. शेंड्याला झाकण, उन्हाळ्यात उघडं, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. मार्च ते मे वर शेडनेट.

आता पाण्याची बाजू, जी खरी नाजूक आहे. मासे खातात, त्यांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांनाच मारतो. खडीवर वस्ती करणारे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. ही वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात टाकी भरून मासे सोडण्याची घाई करणाऱ्याचे मासे जातात. आम्ही 1000 लिटरची टाकी धरली आहे आणि एक फूट खोल काळ्या खडीचा साडेतीन चौरस मीटरचा वाफा. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी तरंगत्या वाफ्यांसाठी दर चौरस मीटरला रोज 60 ते 100 ग्रॅम खाद्याचं प्रमाण ठरवलं होतं. आम्ही त्याच्या निम्म्याहून कमी, रोज 100 ग्रॅमपासून सुरू करणार, म्हणजे वजनाच्या दोन टक्क्यांप्रमाणे पाचेक किलो मासे.

कमी मासे ठेवण्यामागे कंजूषी नाही. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात वीज गेली, पंप थांबला, की गच्च भरलेल्या टाकीत सकाळी पांढरी पोटंच दिसतात. निसर्गनंतर आमच्या भागात वीज किती दिवस नव्हती, हे सांगायला नको. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हा खर्चात पहिला, घुमटानंतरचा नव्हे, यावर सगळे एकदाचे एकमत झाले.

जिवाणूंच्या कामाने पाणी हळूहळू आंबट होतं, आणि जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मुळात क्षारांना गरीब. चुना घालून एकदम उडी मारण्यापेक्षा तिसऱ्यांच्या धुतलेल्या शिंपल्यांची पिशवी टाकीत टांगावी. गरज पडेल तशी ती विरघळते. हे सामान तर आपल्या घरात उकिरड्यावरच जातं. लोह मात्र बाहेरून, झाडांना लागू पडेल अशा चिलेटेड रूपात द्यावं लागतं. फवारणी बंद, कारण झाडावरचं औषध शेवटी माशांपर्यंत पोचतं.

लावायचं काय, तर पुदिना, कोथिंबीर, माठ, पालक. बटाटे, कांदे, गाजरं यांचा नाद नको. बिर्याणीच्या घरात पुदिना वर्षभर असणं हा फायदा अम्मीने पहिल्याच दिवशी ओळखला होता, आणि तट पडले त्या संध्याकाळी तिचं मत भावाकडेच होतं.

मासे कोणते, हे अजून ठरलेलं नाही. थाई मागूरला देशात बंदी आहे, तिलापियाला मत्स्य खात्याची परवानगी लागते. देशी मागूर किंवा शिंगी कमी प्राणवायूत तग धरतात, म्हणून भावाचा ओढा तिकडे. खात्याच्या कार्यालयात तो दोनदा जाऊन आला; अर्ज भरून द्यायचं काम मात्र आमच्याकडे आलं आहे. पायाचे खड्डे पाऊस उघडल्यावर, दसऱ्यानंतर. टाकी त्याआधीच भरून ठेवायची, म्हणजे घुमट चढेपर्यंत जिवाणू आपलं काम करून बसलेले असतील.