पेठेतल्या गाड्यांना रात्रीचा परवाना द्या, दिवसाचा रस्ता मोकळा ठेवा

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे ही रचना फार जुनी आहे. रस्ता एकेरी, दिवसभर गर्दीचा, आणि लगतच्या गल्ल्या मोटारीचा विचारही नसलेल्या काळात आखलेल्या. तिथला रहिवासी विचारतो, ‘आम्ही गाडी लावायची कुठे?’ प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला ‘नो पार्किंग’ची पाटी आणि टोइंगची गाडी हे उत्तर पुरेसे नाही. पण ‘जिथे जागा दिसेल तिथे लावा’ हेही उत्तर होऊ शकत नाही.

१. आधी हक्काचे स्पष्ट बोलू. दारासमोरची जागा घरमालकाची नसते. वाहने कुठे उभी करायची हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ११७ने शासनाला आणि त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला दिला आहे. म्हणून कुंड्या, दगड, मोडक्या खुर्च्या ठेवून जागा अडवणे हे अतिक्रमणच. एका मोटारीला साधारण १२ चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात सहा दुचाकी सहज मावतात, आणि पेठांतल्या बहुतेक घरांची रोजची गरज दुचाकीच भागवते.

२. रहिवाशाची खरी नड रात्रीची असते. दुकाने बंद झाली की रस्त्याची कडा रिकामी होते. म्हणून रात्री साडेनऊ ते सकाळी साडेआठ, रस्त्याच्या एकाच बाजूला, घरटी एका मोटारीला नावानिशी परवाना द्यावा. दुसऱ्या मोटारीला नाही. अग्निशामक बंब वळू शकत नाही अशा गल्लीत तर पहिलीलाही नाही. सकाळी साडेआठनंतर ती जागा चालणाऱ्यांची, बसची आणि थोडा वेळ थांबणाऱ्या गिऱ्हाइकांची. जी मोटार आठवडाभर जागची हलत नाही, तिने रस्ता अडवू नये. मंडईजवळचे मिनर्व्हा आणि आर्यन, नारायण पेठेतला हमालवाडा या वाहनतळांत रहिवाशांसाठी सवलतीचे मासिक पास ठेवावेत. अपंग व्यक्तींच्या वाहनांना मात्र दिवसाही घराजवळ राखीव जागा हवी. त्यात घासाघीस नको.

३. ‘पी-१, पी-२’ची वेळ बदला. सम-विषम तारखेचा नियम गल्ल्यांसाठी चांगला आहे, पण तारीख बदलते रात्री बारा वाजता. झोपलेल्या माणसाने उठून गाडी पलीकडे न्यावी ही अपेक्षा अवाजवी आहे. बाजू बदलण्याची वेळ सकाळी साडेआठची करावी आणि पाटीवर तसे लिहावे. याला खर्च जवळपास नाही.

४. सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इमारतींच्या पोटातल्या पार्किंगचा. वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा मंजूर नकाशात तळमजल्यावर वाहनांची जागा दाखवलेली होती. आज अनेक ठिकाणी तिथे कापडाचे गठ्ठे, खोकी, दुकानाचा वाढीव भाग, कुठे चक्क शटर दिसते. गाड्या बाहेर आल्या त्या यामुळे. ज्याने जागा विकली किंवा भाड्याने दिली त्याचा फायदा झाला आणि तोटा पादचाऱ्याच्या माथी आला. महापालिकेने प्रत्येक गल्लीतले मंजूर नकाशे काढून तळमजले तपासावेत. नकाशातले पार्किंग मोकळे होईपर्यंत त्या इमारतीला एकही परवाना देऊ नये, आणि गोदाम चालवणाऱ्याकडून दंड घ्यावा. भाडेकरूला या शिक्षेतून कसे वगळायचे ते ठरवावे लागेल, कारण त्याच्या हातात काहीच नसते. पण हे काम टाळले तर बाकीचे सगळे उपाय वरवरचे ठरतील.

५. परवान्याला शुल्क हवेच. पार्किंगच्या दरात जमिनीची किंमत उमटली पाहिजे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६पासून सांगते. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, तेही विरोधामुळे पाच रस्त्यांपुरते, आणि पुढे अंमलबजावणी रखडली. लोक चिडले, कारण पैसे कुठे जाणार हे त्यांना दिसत नव्हते. जमा झालेली रक्कम त्याच पेठेतल्या पदपथांवर, दिव्यांवर आणि बससेवेवर खर्च करा, हिशेब क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावा. पेठांसाठी दहा रुपयांत दिवसभर प्रवास देणारी ‘पुण्यदशम’ बस २०२१मध्ये सुरू झाली होती. तशी छोटी, वारंवार येणारी बस आणि सप्टेंबर २०२४पासूनचे मंडई मेट्रो स्थानक, दोन्ही हाताशी असतील तर दुसरी मोटार घेण्याआधी घरात विचार होतो.

६. नदीपात्र हे वाहनतळ नव्हे. भिडे पुलाजवळ वर्षभर गाड्या उभ्या असतात आणि खडकवासल्यातून विसर्ग वाढला की त्या काढण्यासाठी धावपळ उडते. पेठांच्या गाड्यांचा हिशेब तो भाग वगळूनच मांडायला हवा.

जपानमध्ये १९६२च्या कायद्यापासून गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला लागतो. महाराष्ट्रातही परिवहनमंत्र्यांनी २०२५मध्ये नव्या मोटारींसाठी अशा दाखल्याची भाषा केली. ते होईल तेव्हा होईल. आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांचे नियोजन त्यासाठी थांबवू नये.

पार्किंगमध्ये बदल करताना वाहतूक पोलीस तात्पुरता आदेश काढून हरकती आणि सूचना मागवतात. आपल्या गल्लीचा आदेश निघाला की नुसता विरोध नोंदवू नका. रात्रीचा परवाना मागा, आणि कोणत्या इमारतीचे पार्किंग अडवले आहे तेही त्याच अर्जात लिहा.