उतारवयातील बिऱ्हाड

पूर्वी आपल्या कित्येक घराण्यांतून काशीवासाची प्रथा होती. मुलाबाळांची लग्नकार्ये उरकली, प्रपंचाच्या किल्ल्या सुनेच्या हाती गेल्या, म्हणजे घरातील एखादे वडीलधारे माणूस सर्वांचा निरोप घेऊन निघे व उरलेले आयुष्य गंगातीरी घालवी. मुलांनी त्याला घराबाहेर काढले असे कोणी म्हणत नसे. उलट त्याचे नाव आदराने घेतले जाई. आज मात्र वृद्धाश्रमाचा विषय निघाला की घरातील माणसांचे आवाज एकदम खाली येतात. हा फरक केवळ क्षेत्राच्या माहात्म्याचा नव्हे. काशीस माणूस आपण होऊन जाई. आश्रमात त्याला बहुधा धाडले जाते. ही निवड ज्याची त्याच्या हाती पुन्हा कशी येईल, हा विचार आम्हांस आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

२०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढील माणसांची संख्या १० कोटींहून अधिक भरली. आपल्यापुरते बोलावयाचे, तर बडोद्याचा दांडिया बाजार असो की ग्वाल्हेरचे लष्कर, एके काळी भरल्या गोकुळासारख्या असलेल्या कित्येक घरांतून आज दोनच माणसे राहतात. मुलगा बंगळूरला किंवा परदेशी, मुलगी पुण्यास. अशा घरी कोणी न्हाणीघरात घसरून पडले, की मुले धावत येतात आणि चार दिवसांच्या रजेत, इस्पितळाच्या बाकावर बसून, आईने पुढे कोठे राहावे हे ठरवितात. घाईत जे मिळेल ते पत्करले जाते आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न तिलाच विचारण्यास सवड नसते. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, जागा पाहावयाची ती हातपाय धड असताना. आणि जिला किंवा ज्याला राहावयाचे, त्याने ती स्वतः पाहावी.

‘वृद्धाश्रम’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या व्यवस्थांस लावतो. पहिली, ज्येष्ठांसाठी बांधलेल्या सदनिकांची वसाहत. तेथे जेवण, पहारा, डॉक्टरांची फेरी यांची सोय असते, पण माणूस स्वतंत्र राहतो. दुसऱ्या प्रकारात स्नान, कपडे, औषधे, चालणे-फिरणे यांसाठी रोज कोणाचा तरी हात मिळतो. तिसरे शुश्रूषागृह, ते अंथरुणास खिळलेल्यांसाठी वा स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी. चौकशीला जाताना आपणांस यांपैकी काय हवे हे ठरवून जावे, आणि एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘‘आज आम्ही चालते-फिरते आहोत, उद्या पडून राहिलो, तर ठेवून घ्याल काय?’’ हिंडत्याफिरत्या माणसासच प्रवेश देणाऱ्या आणि तो परावलंबी झाला की नातेवाइकांस बोलावून घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. ऐंशीव्या वर्षी दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलविण्यासारखी दुसरी यातना नाही.

यापुढचा प्रश्न खास आपला, बृहन्महाराष्ट्रातील कुटुंबांचा. आश्रम आपल्याच शहरी पाहावा की पुण्याकडे? ‘निदान मराठी तरी कानी पडेल’ या ओढीने अनेकजण पुण्याचा विचार करतात. ही ओढ अगदीच वेडी नव्हे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेल्या भाषा कित्येकदा आधी मावळतात आणि बालपणीची तेवढी उरते. ‘तहान लागली’ हे शब्द न समजणारी परिचारिका अशा वेळी काय उपयोगाची? परंतु दुसरी बाजूही पाहावी. ज्याने उभा जन्म इंदुरात काढला, त्याची भिशी, वाचनालय, गणेशोत्सव, ओळखीचा औषधवाला, सारे तेथेच असते. पुण्यात भाषा मिळेल, पण बुधवारी सहज डोकावणारा मित्र मिळणार नाही. आम्ही तरी एकच कसोटी सुचवू: महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष भेटावयास कोण येईल, त्याचे नाव घ्यावे. ते माणूस ज्या गावी, आश्रम त्याच गावाजवळ असावा; आणि मराठी जाणणारे कोणी तेथे आहे काय, हे त्यानंतर पाहावे.

पाहणीस जाताना आगाऊ वर्दी न देता, जेवणाच्या वेळी जावे. दिवाणखान्यातील कारंजे पाहू नये, न्हाणीघर पाहावे: धरावयास दांडा आहे काय, फरशी निसरडी तर नाही, चाकाची खुर्ची दारातून जाते काय. रात्री किती सेवक जागे असतात आणि किती माणसांमागे, हे विचारावे. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर कोणत्या इस्पितळात व कोणत्या वाहनाने नेणार, याचे उत्तर चटकन मिळाले पाहिजे. व्यवस्थापकांपेक्षा तेथील जुन्या रहिवाशांशी एकांतात बोलावे. शक्य तर महिनाभर पाहुणे म्हणून राहून पाहावे आणि तोवर राहते घर विकू नये.

करारनाम्यात अनामत रक्कम परत केव्हा व किती मिळेल, मासिक आकार दरवर्षी किती वाढेल, जोडप्यापैकी एक निवर्तल्यास दुसऱ्याची खोली कायम राहील काय, हे लिहून घ्यावे. सत्तरीवरील प्रत्येकास २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षास कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते इस्पितळात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे, आश्रमातील नित्य शुश्रूषेचे नव्हे. तो खर्च वेगळा धरावा. घर मुलांच्या नावे करावयाचेच असेल, तर आपल्या पालनपोषणाची अट दस्तऐवजात स्पष्ट घालावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यातील २३ व्या कलमान्वये न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करवून घेता येते. अडीअडचणीस १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी देशभर आहे.

मुलांनी हा विषय काढला तर तो हाकलल्यासारखा वाटतो. न काढला तर ती इस्पितळातील घाई ठरलेली. ही कोंडी वडीलधाऱ्यांनीच फोडावी. येत्या दिवाळीत मुले घरी जमतील, तेव्हा फराळानंतर आपणच दोन-तीन जागांची नावे पुढे ठेवावीत आणि त्यांपैकी एखादी सर्वांनी मिळून पाहून यावी. कदाचित ती वेळ कधी येणारही नाही; घरातच, आपल्या माणसांत, शेवट गोड होईल. पण वेळ आलीच, तर कोठे जावयाचे हे आपल्याच मुखातून ठरलेले असेल, आणि सोडावयास येणाऱ्या मुलासही मान खाली घालावी लागणार नाही.