उत्तर पाठ, कारण विस्मृत

आंतरवासितेतील तरुण डॉक्टर दिवसभर वॉर्डात राबतो आणि रात्री पुन्हा पहिल्या वर्षाचे शरीरक्रियाशास्त्र उघडून बसतो. हृदयाचे ठोके, मूत्रपिंडाची गाळणी, मज्जातंतूंतील विद्युत्संदेश हे सारे तो पाच वर्षांपूर्वी शिकलेला असतो. परंतु आता त्याला ते रोग्यासाठी नव्हे, तर पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी हवे असते. साडेतीन तास, दोनशे प्रश्न, प्रत्येकास चार पर्याय; बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक गुण वजा. एवढ्या घाईत कारण शोधण्यास सवड कोठली? मग घोकंपट्टी हाच राजमार्ग ठरतो.

या तरुणांना आम्ही दोष देत नाही. जागा थोड्या आणि उमेदवार उदंड, अशा स्थितीत परीक्षा जे मागते तेच ते देणार. परंतु या विद्येचे मोल काय आहे, याचे स्मरण देणे आम्हांस अगत्याचे वाटते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते रोग्यांना तोंडावाटे पाजले. तीस टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. जुलाब चालू असतानाही आतडे ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषून घेते आणि त्यामागोमाग पाणी जाते, या शरीरक्रियेच्या ज्ञानावरच ही जलसंजीवनी उभी होती. आज तेच ज्ञान एका ओळीचा प्रश्न आणि एका अक्षराचे उत्तर होऊन बसले आहे.

अलीकडे रोग्याचे वर्णन देऊन विचारलेले प्रश्न वाढले आहेत, ही गोष्ट स्वागतार्ह होय. पण त्यांचीही ठरीव उत्तरे पाठ करवून घेणारे क्लास निघालेच आहेत. याहून मोठा विरोधाभास पुढेच आहे. ज्या विषयाची एवढी उजळणी होते, त्याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्यास फारसे कोणी राजी नसते. शरीरक्रियाशास्त्रासारख्या विषयांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. २०२३ साली तर रिक्त जागा भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. उद्याच्या डॉक्टरांना हा विषय शिकविणार कोण?

पणजीत १८४२ साली वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. एवढी दीर्घ परंपरा लाभलेल्या गोमंतकाने या प्रश्नाकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे. शरीरक्रियाशास्त्र पहिल्या वर्षाच्या गाठोड्यात बांधून न ठेवता, त्याचे अध्यापक वॉर्डातही यावेत आणि रोग्याच्या खाटेशी त्याचा पाठ पुन्हा व्हावा, अशी आमची सूचना आहे. या विषयाच्या अध्यापकास मान आणि योग्य वेतन मिळावे. विद्यार्थ्यांनीही प्रत्येक उत्तरापुढे 'का?' हा प्रश्न लिहून ठेवावा. त्यास वेळ लागेल. पण तो वाया जाणार नाही. मध्यरात्री दम लागून आलेला रोगी आपल्या दुखण्याबरोबर चार पर्याय छापून आणीत नाही.