एक पेशा की दोन?

नातू संगणकावर खेळत बसला की आजोबांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. तथापि काही खेळांत भांडवलाच्या विनियोगाचा काटेकोर हिशेब असतो. अमेरिकेतील अरीनानेट कंपनीने २००५ साली आणलेला ‘गिल्ड वॉर्स’ हा ऑनलाइन खेळ त्यांपैकीच एक.

यात खेळाडू आपल्या पात्रासाठी योद्धा, उपचारक, जादूगार असा एखादा मुख्य पेशा निवडतो. पुढे दुसराही जोडू शकतो. मात्र दुसऱ्या पेशासोबत नवे भांडवल मिळत नाही. विसाव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवर विद्यांसाठी एकूण २०० गुण असतात आणि लढाईत आठच कौशल्ये नेता येतात. कोणत्याही विद्येची पहिली पायरी १ गुणात चढता येते; एकट्या बाराव्या पायरीला २० गुण लागतात. बारा पायऱ्यांची बेरीज होते ९७. दोन विद्या तिथवर नेल्या की शिल्लक राहतात अवघे ६ गुण.

योद्ध्याने गुण अनेक विद्यांत सारखे वाटले, तर तलवार बोथट पडते आणि उपचारही अपुरा ठरतो. मुख्य विद्या भक्कम ठेवून आठांतील एखादीच जागा उपचाराला दिली, तर ती प्रसंगी तारून नेते.

दुसरा पेशा पुढे बदलता येतो. मुख्य पेशा कधीच नाही. नव्या शाखेत मूळ पेढीचे खेळते भांडवल अडकवू नये, हे व्यापारी घराण्यांस सांगावे लागत नाही. आजोबांनी एकदा नातवाशेजारी बसून त्याच्या २०० गुणांचा हिशेब जरूर विचारावा.